मागं राहील त्याला घंटी

भागूआक्का.

गेवराईच्या बायपासपलीकडे जी नवी वस्ती झाली आहे, तिच्या अगदी टोकाच्या घरात राहणारी भागूआक्का. माझी लेक सायली यंदा आठवीत गेली ती हिच्यामुळे. नाव आधी लिहून टाकलं, कारण मला एक खोड आहे. सांगायला बसले की आधी माझी भीती सांगते, मग माझं दुखणं, आणि ज्याच्यामुळे निभावलं त्याचं नाव राहूनच जातं. या वेळी तसं व्हायला नको.

आता काय झालं ते.

माझं माहेर कोकणात, खाडीच्या आतल्या अंगाला. गावात सातवीपर्यंत शाळा होती, पुढची ओढ्यापलीकडच्या गावात. ओढ्यावर साकव होता, लाकडाचा पूल. एका पावसाळ्यात तो वाहून गेला. नवा होईपर्यंत घरी थांब, असं घरच्यांनी सांगितलं. मी थांबले ती थांबलेच. साकव पुढे झाला, चांगला सिमेंटचा झाला, पण तोवर माझ्या हातातलं दप्तर जाऊन धाकट्या भावाच्या पाळण्याची दोरी आली होती. कुणी वाईट वागलं नाही. फक्त मधे पाणी होतं, आणि पलीकडे नेणारं कुणी नव्हतं.

नवरा मूळचा उमापूरकडचा. आमच्या बाजूला रस्त्याच्या कामावर मशिन चालवायला आला होता, तेव्हा लग्न जमलं. मग मी त्याच्यामागे गेवराईला आले. इथे तो जिनिंगमधल्या कापसाच्या गाठींचा ट्रक चालवायचा. गुजरातकडे गेला की दिवस दिवस पत्ता नाही. वस्तीत आम्ही नवे. भाषा अर्धी कळायची. आणि घर आणि शाळा यांच्या मधून हायवे.

माणसं हसतील, पण मला रस्ता ओलांडता यायचा नाही. ट्रक लांब असला तरी मला जवळ दिसायचा, आणि जवळ असला की पाय जमिनीला चिकटायचे. सायली बाळूच्या रिक्षातून शाळेत जायची म्हणून निभत होतं. बाळूची रिक्षा म्हणजे पाटीत भरलेली वांगी. पोरं आत, पोरं मागे, पोरं बाळूच्या दोन्ही मांड्यांशेजारी, आणि दप्तरं बाहेर लोंबकळत. मग एकदा पोलिसांनी असल्या सगळ्या रिक्षांना अडवायला सुरुवात केली. बाळूनं निम्मी पोरं कमी केली. आम्ही नवे, म्हणून आमचं नाव पहिलं कटलं.

मी सायलीचा हात धरून हायवेपर्यंत जायचे, दुभाजकात एक फट होती तिथे उभी राहायचे आणि परत यायचे. सायली तेव्हा तिसरीत. रडायची नाही. युनिफॉर्म घालून उंबऱ्यावर बसायची आणि विचारायची, "आई, आज पण नाही?" ते "आज पण नाही" मला ओळखीचं होतं. ओढ्याच्या काठाला उभं राहून मी तेच विचारलं होतं.

अशीच एकदा हायवेच्या कडेला उभी असताना मागून आवाज आला.

"कावून उभी हाय गं? काय बघायलीस? मिरवणूक यायची हाय का?"

वळून बघते तर उंच, वाळक्या शेंगेसारखी एक बाई. कपाळावर गोंदण, लुगडं घोट्याच्या वर, पायात टायरच्या वहाणा, खांद्यावर घोंगडी. उन्हाळ्याचे दिवस होते आणि खांद्यावर घोंगडी! हातात काठी, तिच्या उंचीपेक्षा जास्त.

मी म्हटलं, "मुलीला शाळेत सोडायचंय. रस्ता..."

"मंग सोड की."

"भीती वाटते."

तिनं मला खालून वर बघितलं. हसली नाही. म्हणाली, "वढा बघितलास का कधी भरलेला?"

मी मान हलवली. ओढा तर मी बघितलाच होता.

"रस्ता तसाच आस्तो. जोर कमी झाल्याबिगर उतरायचं न्हाई. उतरल्यावर मधी थांबायचं न्हाई. अन पान्याकडं बघायचं न्हाई, पल्याडच्या काठाकडं बघायचं. चल."

तिनं काठी आडवी धरली, जशी मेंढरं अडवायला धरतात तशी, आणि रस्त्यावर उतरली. एक ट्रक फुसकारे टाकत हळू झाला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून काहीतरी शिवी हासडली. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आम्ही पलीकडे पोचलो तेव्हा मला कळलं की मी तिच्या घोंगडीचं टोक मुठीत धरलं होतं.

"सोड आता. फाटंल," ती म्हणाली. "कुठलीस?"

"कोकणातली. तुम्ही..."

"तुमी कावून म्हनतीस? मी काय तहसीलदारीन हाय? आक्का म्हन."

तेव्हापासून ती माझी आक्का झाली आणि मी तिची कोकणे. "ए कोकणे" अशी हाक आली की वस्तीत सगळ्यांना कळायचं, भागूआक्का दारात आहे.

आक्काचा सगळा जन्म मेंढरांमागे गेला होता. गोदेच्या काठानं, आष्टीच्या माळापर्यंत आणि परत. मुलगा जिनिंगमध्ये लागला, त्यानं मेंढरं विकली आणि आईला वस्तीतल्या पत्र्याच्या घरात आणून बसवलं. बसवलं हे आपलं म्हणायला. ती बसायची कुठे? "मेंढरं गेली, काठी ऱ्हायली. अन काठीला बसता येत न्हाई," असं म्हणायची. सकाळी उठून बहिणीला भेटायला तलवाड्याला चालत जायची, दोन शब्द बोलून, चहा पिऊन चालत परत. मी एकदा विचारलं, एवढं काय काम होतं? म्हणाली, "काम काय? तिच्याशी भांडन झाल्तं, ते मिटवायचं होतं."

"मिटलं?"

"न्हाई. उद्या पुन्ना जाते."

चालण्याचा तिला भारी तोरा. वस्तीतला कुणी पोरगा शेजारच्या गल्लीतल्या टपरीवर मोटारसायकलनं निघाला की ती दारातून ओरडायची, "आरं, गाडी तुला नेती का तूच गाडीला फिरवायला नेतूस?" आपल्या पायांची स्तुती ती अशी करायची, जशी दुसरी बाई सुनेनं केलेल्या पुरणाची करेल. पण त्यामागचं खरं कारण मला पुढे समजलं. तिला गाडी लागायची. नुसता डिझेलचा वास नाकात गेला तरी पोट ढवळायचं. भाचीच्या साखरपुड्याला तिला एसटीत घालून आष्टीला नेलं होतं, त्याची कथा ती युद्धाच्या पोवाड्यासारखी सांगायची. लिंबू नाकाला लावलं, आवळासुपारी गालात धरली, डोळे मिटले, आणि तरीही प्रत्येक थांब्यावर खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसली. "कंडक्टर म्हनला, आजी, तुमी तिकीट काढलंय का थांब्यांची पाहनी करायला आलात? मी म्हनलं, तू गप बे, न्हाईतर पुढच्या बारीला तुझ्याच अंगावर करीन."

बायका सहसा कुणाला बे म्हणत नाहीत. पण आक्का कंडक्टरला म्हणाली असेल, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

तर, दुसऱ्या दिवशी ती स्वतःच दारात आली. "चल, आन तुझी पोर." तिसऱ्या दिवशी शेजारच्या दोघा भावंडांना त्यांच्या आईनं आमच्याबरोबर धाडलं. बाळूनं कमी केलेली पोरं एक एक करत आक्काच्या मागे लागली, आणि बघता बघता कळप झाला. तो शब्द तिचाच. "माझा कळप निघाला गं," म्हणायची.

पहिल्या आठवड्यात मात्र फजिती झाली. तिनं पोरांना हाकलं ते मेंढरांसारखंच. मेंढरं रस्त्यानं जात नाहीत, सावली आणि पाणी बघून जातात. तिनं सगळी पोरं बाभळीच्या कडेनं, विहिरीवरून, तिथे पाणी पाजून, लिंबाखाली विसावा देऊन शाळेत नेली. पहिला तास संपलेला. मोठ्या बाई दारात उभ्या.

"अहो आजी, शाळा भरून गेली की!"

"मंग? ही बी भरलीत की. पानी पिऊन आल्यात."

मग मोठ्या बाईंनी तिला समजावलं की प्रार्थनेच्या आधी यायचं. आक्कानं ऐकून घेतलं. सावलीची वाट सोडली नाही, पण निघायची वेळ अलीकडे ओढली. वस्तीला सकाळी लवकर उठायची सवय तिनं लावली, घड्याळानं नाही.

तिची रीत ठरलेली. स्वतः कधी पुढे चालायची नाही, नेहमी मागे. "कळप मागून हाकायचा आस्तो. पुढून वढनारा पुढारी." आणि मेंढराच्या गळ्यातली एक जुनी पितळी घंटी तिनं ठेवली होती, ती सगळ्यात मागे राहणाऱ्या पोराच्या दप्तराला बांधायची. मागं राहील त्याला घंटी. शिक्षा नव्हती ती. आवाज येत असला म्हणजे शेवटचं पोरगं येतंय, असं पुढच्यांना कळायचं, आणि आवाज लांब पडला की ती थांबायची. पण झालं भलतंच. घंटी मिळावी म्हणून पोरं मुद्दाम मागे राहू लागली. मग सगळा कळप गोगलगाईसारखा. आक्का कपाळाला हात लावायची, "मेंढरं बरी होती. त्येन्ला डोकं नव्हतं."

हायवेवर आल्यावर मात्र एकाचा आवाज नाही. काठी आडवी, आणि सगळे पल्याडच्या काठाकडे बघत पार.

शाळेच्या दारात ती कधी रेंगाळायची नाही. तिथे रिक्षा, व्हॅन, मोटारसायकली, सगळ्यांची तोंडं एकमेकांत अडकलेली, इंजिनं चालूच. ती पोरांच्या नाकाला पदर लावत म्हणायची, "धूर कुठं सोडत्यात बघ. बरोबर लेकराच्या तोंडाच्या उंचीवर. मोठ्या मान्साच्या तोंडावर सोडला आस्ता तर कवाच बंद झाला आस्ता." मी त्या दारात कितीदा उभी राहिले होते, पण खाली वाकून कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी वाकले. खरंच, तिथली हवा वेगळीच होती.

बाळू आमच्या शेजारून रिकामी रिक्षा नेताना टोमणा मारायचा, "काय आक्का, लोकर कवा कातरायची पोरांची?"

"तुझी आधी कातरते. ये खाली."

एकदा मोठ्या शहरातून एक बाई आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. आक्काला झाडाखाली उभं करून म्हणाल्या, "आजी, तुमच्यामुळे किती पेट्रोल वाचलं, हवा किती स्वच्छ राहिली! तुम्हाला ही कल्पना कशी सुचली?"

"मला गाडी लागती."

बाईंनी मोबाईल खाली केला, पुन्हा वर धरला. "नाही, म्हणजे, मुलांना चालवत न्यायचं असं का ठरवलंत?"

"मी चालती म्हनून. मला पंख आस्ते तर उडवत नेली आस्ती."

सायली हसून खाली बसली. बाईसुद्धा शेवटी हसल्या, आणि मोबाईल बंद करून आमच्याबरोबर वस्तीपर्यंत चालत आल्या. घंटी त्यांच्याकडेच गेली.

आता जे सांगायचं आहे ते.

एका संध्याकाळी कळप नेहमीसारखा परत आला. मी दारात भाकरीचं पीठ मळत होते. एकेक पोर आपापल्या घराशी गळत गेलं. सायली आत आली, दप्तर टाकलं. आणि थोड्या वेळानं आक्काची हाक, "ए कोकणे! जरा हिकडं ये."

तिच्या अंगणात एक पाच वर्षांची मुलगी बसली होती. डोक्यावर दोन शेंड्या, पायात चकाकते बूट, हातात दुधात चुरलेल्या भाकरीची वाटी. आणि दप्तराला घंटी.

"ही कुनाची?" आक्का म्हणाली.

माझ्या हाताचं पीठ तसंच. मी म्हटलं, "आक्का, ही आपली नाही!"

"ते मला बी कळतंय. समद्यांत मागं हीच चालत होती, म्हनून घंटी बांधली."

"आणि हिच्या घरी?"

"सांगावा धाडलाय की. गावाकडं जानाऱ्या दोघांना सांगितलंय, लेकरू हितं हाय म्हनून."

धनगरांची ती पद्धत आहे. दुसऱ्याचं मेंढरू आपल्या कळपात आलं तर हाकलायचं नाही, त्याला पाणी दाखवायचं आणि पुढच्या वस्तीवर सांगावा धाडायचा. मालक येतो, ओळखतो, नेतो. आक्कानं जन्मभर जे केलं तेच केलं होतं. फक्त हे मेंढरू नव्हतं.

मुलीला नाव विचारलं. "स्वरा." आजोबांचं? "आबा." गावात आबा एकच. आबा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, एके काळचे सरपंच. त्यांचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर, तरी नात रोज मोटारीनं यायची. ड्रायव्हर शाळेच्या दारातल्या गर्दीत अडकला होता, आणि स्वरा घंटीच्या मागे निघून आली होती.

मी फोन कुणाला करावा याचा विचार करते तोवर दोन गाड्या धुरळा उडवत वस्तीत शिरल्या. पहिल्यातून स्वराची आई उतरली ती धावतच. पोरीला उचललं, छातीशी धरलं, आणि ती जी रडायला लागली! तिच्या मागे आबा. धोतर, पांढरी टोपी, चेहरा लाल.

"कुनी आनली पोर? आं? कुनी पळवली?"

सगळी वस्ती गोळा झाली. आक्का काठी टेकून उभी.

"पळवली न्हाई आबा. कळपात आली."

"कळपात? मान्साचं लेकरू हाय ते! तुला मोजता येत न्हाई का?"

"येतंय की. रोज बघते. कमी हाय का ते बघते. ज्यास्त हाय का ते कशापाई बघू? आजपतुर धनगराला ज्यास्त झाल्याचं कुनी ईचारलं न्हाई."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. आबांनी वळून बघितलं तसं गप्प झालं. पण ते हसणंच महागात पडलं. आबा गरजले, "उद्यापासून ही मिरवनूक बंद! शाळेत सांगतो मी. ज्येला पोर पाठवायची त्येनं आपल्या जबाबदारीवर पाठवा!"

आक्कानं दप्तराची घंटी सोडून घेतली. गाड्या गेल्या. धुरळा बसला. बायका आपापल्या पोरांना ओढून घरात घेऊन गेल्या. कुणी आक्काशी बोललं नाही.

सकाळी कुणाचंच पोर बाहेर आलं नाही. बाळूच्या रिक्षात पुन्हा वांगी भरली. सायली युनिफॉर्म घालून उंबऱ्यावर बसली. या वेळी तिनं काही विचारलंसुद्धा नाही, आणि ते मला जास्त लागलं. न विचारण्याची सवय लागली की शाळा सुटते. मला माहीत आहे.

मी तिला घेऊन आक्काकडे गेले. आक्का भिंतीला टेकून बसलेली. काठी जमिनीवर आडवी पडलेली. ती काठी मी पहिल्यांदा आडवी पडलेली बघितली.

"चूक माझीच हाय गं," ती म्हणाली. आवाजात तोरा नव्हता. "मेंढरू चुकलं तर मालक दुसऱ्या दिशी येतो, भाकर खाऊन येतो. लेकराची माय एक घटका बी दम धरत न्हाई. ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली न्हाई. तिचं रडनं बघितलंस का?"

"बघितलं."

"मंग?"

मी भित्री बाई. दाराची कडी लावली का ते परत जाऊन बघणारी. पण तेवढ्यात मला वाटलं, हे तर माझंच काम आहे! जे आहे त्यापेक्षा जास्त काय असू शकतं, कुठे काय बिघडू शकतं, हे शोधण्यात माझा सगळा दिवस जातो. मी म्हटलं, "आक्का, तू मागं चाल, कमी आहे का बघ. मी पुढं चालते. जास्त आहे का ते मी बघीन. शाळेच्या दारात आणि इथं निघताना, दोन्हीकडे."

आक्कानं माझ्याकडे बघितलं. "तू? पुढं? रस्त्यावर?"

"मी पाण्याकडे बघणार नाही. पलीकडच्या काठाकडे बघीन."

ती उठली. आधी काठी उचलली, मग घोंगडी. "चल मंग. एकाचा कळप बी कळपच आस्तो."

त्या दिवशी आम्ही तिघी निघालो. पुढे मी, मधे सायली, मागे आक्का. सायलीच्या दप्तराला घंटी, दुसरं होतंच कोण. हायवेवर माझे पाय चिकटले नाहीत असं म्हणणार नाही. चिकटले. पण मागून काठीचं टोक हळूच कमरेला लागलं आणि आवाज आला, "पुढाऱ्यानं थांबायचं आस्तंय व्हय?" आणि मी उतरले.

बाळूनं ते बघितलं. रिक्षा हळू करून म्हणाला, "कोकणे, तू बी?" पण टोमणा काही पुरा झाला नाही.

त्यानंतरच्या दिवसांत शेजारची भावंडं परत आली, मग आणखी दोघं. आणि एका सकाळी शाळेजवळच्या लिंबाखाली आम्ही पोचलो तर तिथे आबा उभे. धोतर, टोपी आणि बोटाला धरलेली स्वरा. मी तर झाडामागे जायला जागा शोधत होते.

आबांनी घसा साफ केला. "ही गाडीत बसंना. रडून घर डोक्यावर घेती. घंटी पायजे म्हनती."

आक्कानं घंटी घेतली आणि स्वराच्या दप्तराला बांधली.

"म्हनून म्हनलं, घरापासून मीच चालवत आनतो. हितून पुढं शाळेच्या दारापतुर तुमच्या संगट. संध्याकाळी बी मी हितंच उभा ऱ्हातो. डॉक्टर मला बी चालायला सांगायलाय कवाचा."

"चाला की," आक्का म्हणाली.

चालायला लागलो. आबांचं वजन भरपूर आणि सवय नाही. पोरं पुढे, स्वरा पुढे, आणि आबा सगळ्यांच्या मागे, धापा टाकत. आक्का थांबली. स्वराच्या दप्तराची घंटी सोडली, आबांजवळ गेली आणि त्यांच्या हातातल्या काठीला बांधू लागली.

"आगं, हे काय?"

"मागं राहील त्याला घंटी. कळपाचा नेम हाय. नेम समद्यांला एकच."

सगळी पोरं थांबून बघायला लागली. आबांनी काठीकडे बघितलं, मग नातीकडे. नात टाळ्या वाजवत होती. आबांनी काठी एकदा हलवून बघितली, घंटी वाजली, आणि ते हसले. मग काय, आबा शाळेच्या दारापर्यंत रोज घंटी वाजवत येऊ लागले. आबा चालतात म्हटल्यावर गावातल्या आणखी चारजणांच्या गाड्या घरीच राहिल्या. शाळेच्या दारात पहिल्यांदाच मोकळं दिसायला लागलं. शिपाई म्हणाला, आता फाटकापुढं दोन वेळा झाडावं लागत नाही.

बाळूनं पुढे जुनी रिक्षा काढून बॅटरीची घेतली. पहिला मान आक्काचा, असं म्हणत तो ती दारात घेऊन आला. आक्का लांबूनच नाकाला पदर लावून बघत होती.

"आक्का, वास न्हाई हिला. बस तरी."

ती आधी वाकून चाकाजवळ हुंगली. मग आत हुंगली. मग पाय खाली सोडूनच कडेला टेकली, पळून जाता यावं म्हणून. बाळूनं रिक्षा हळूच लिंबापर्यंत नेली. आक्कानं डोळे घट्ट मिटलेले, तोंडात आवळासुपारी. रिक्षा थांबली तेव्हा तिनं एक डोळा उघडला.

"निघायची कवा?"

"पोचली आक्का!"

ती उतरली, स्वतःच्या पोटावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली, आणि म्हणाली, "बरी हाय. म्हाताऱ्या मान्सांना चालंल." आणि चालत घरी परत आली.

माझ्याशी ती संध्याकाळी बोलत बसायची. कोकणाबद्दल विचारायची. एवढं पाणी असतं तर माणसं जातात कशी, येतात कशी? समुद्राचं पाणी मेंढरं पितात का? खारट असतं म्हटल्यावर तिला समुद्राचा राग आला. "एवढं आसून बी कामाचं न्हाई? मला एकदा बघायचंय त्येला. चांगलं सुनवायचंय." मग स्वतःच म्हणायची, "पर लई लांब हाय. वाटंत डिझेल हाय."

नवऱ्याला संभाजीनगरकडे कारखान्यात काम लागलं आणि आम्हाला गेवराई सोडावी लागली. मी पुन्हा घाबरले. नवं गाव, नवे रस्ते. आदल्या दिवशी आक्काच्या पाया पडायला गेले तर म्हणाली, "रडायलीस कशाला? रस्ता समदीकडं एकच हाय. वढाच हाय त्यो."

सकाळी सामान टेम्पोत भरलं. मी, सायली पुढे ड्रायव्हरशेजारी. आक्का निरोपाला आली नाही. कळपाची वेळ होती ना.

हायवेवर आलो आणि आमचा टेम्पो थांबला. समोर काठी आडवी. पोरं रस्ता ओलांडत होती. पुढे शेजारची मोठी मुलगी, तिला मी पुढारी करून आले होते. मधे बाकीची, शेवटी एक चिमुकलं, घंटी वाजवत. आणि त्याच्यामागे आक्का, घोंगडी खांद्यावर, डोळे पोरांवर. आमच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तिनं बघितलं नाही.

शेवटचं पोर पलीकडे गेलं. तरी काठी खाली आली नाही. आक्का पोरांवरून नजर फिरवत होती, एकदा, मग पुन्हा. काहीतरी कमी होतं. मला ती नजर माहीत होती. मी काच खाली केली.

मग तिनं मान वळवली. टेम्पोच्या काचेत सायली दिसली. आक्का तिच्याकडे बघत राहिली, आणि हळूच एकदा मान हलवली. हिशेब जुळला, असं. मग काठी खाली घेतली आणि आम्हाला वाट दिली.

इथे आमच्या गल्लीतली चार पोरं सकाळी माझ्याबरोबर शाळेत येतात. मी पुढे चालते आणि दर कोपऱ्यावर वळून दोन्ही बघते, कमी आणि जास्त. सायली मागे चालते, आता ती मोठी आहे.

आक्का, परवा मी बॅटरीवर चालणारी मोठी एसटी बघितली. जवळ जाऊन वाकून चाकापाशी हुंगली, तुझ्यासारखी. लोक बघत होते. वास नव्हता गं. ती अजून कोकणापर्यंत जात नाही, पण जाईल. ज्या दिवशी जाईल त्या दिवशी मी गेवराईला येईन आणि तुला घेऊन जाईन. आवळासुपारी मी आणते. खिडकी तुझी. आणि समुद्रापाशी उतरलो की मी मागे उभी राहीन, तू त्याला काय सुनवायचं ते सुनव.